वजन कमी करणाऱ्या वनौषधी आणि त्यांचे अर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनौषधींवर बोलायला उभं राहिलं की विषय कोणताही असो, शेवटी प्रश्न वजनावर येतो. विचारणारे संकोचत विचारतात. पुष्कळदा तोवर हजारो रुपयांच्या बाटल्या घरात आलेल्या असतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

थेट सांगा, वनौषधींच्या अर्काने वजन कमी होतं का?

झालं तर थोडं होतं. बहुतेक अर्कांच्या बाबतीत तेवढंही सिद्ध झालेलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली याचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ५४ चाचण्या आणि ४,३३१ माणसं होती. चाचण्या अशा, की काहींना खरा अर्क द्यायचा आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. एकेकट्या वनस्पतींपैकी फक्त एकीने वजनात संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक दाखवला. ती म्हणजे घेवड्याच्या जातीच्या पांढऱ्या दाण्यांचा अर्क. हा फरक सरासरी १.६१ किलोचा होता. उपचार म्हणून अर्थपूर्ण ठरायला निदान अडीच किलोचा फरक हवा, अशी त्या अभ्यासकांची पट्टी होती.

८० किलोच्या माणसाचं वजन ५ टक्के, म्हणजे ४ किलो उतरलं, तर रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. त्या हिशेबात दीड किलो कुठे बसतं ते पाहा. तरीही मी वनौषधींना निरुपयोगी म्हणत नाही. भूक आवरणं, पोट साफ राहणं, जेवणानंतरची साखर एकदम न उसळणं या कामांत काहींचा खरा हातभार लागतो. लठ्ठपणाबरोबर येणाऱ्या तक्रारींत त्यांची मदत होते. वजन उतरवण्याचा मुख्य भार मात्र त्यांच्यावर टाकता येत नाही.

लठ्ठपणा नेमका कधी म्हणायचा?

वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, हा बीएमआय. भारतीयांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात, कारण आपल्या अंगात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा आहे.

चूर्ण, काढा आणि अर्क यांत फरक काय? झाड तर तेच ना?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण बाकीची निम्मी उत्तरं यावरच अवलंबून आहेत.

चूर्ण म्हणजे वाळवून कुटलेली वनस्पती. तिच्यातला चोथा, तंतू, कडू-तुरट द्रव्यं सगळं तुमच्या पोटात जातं. काढ्याची जुनी रीत अशी, की एक भाग भरड औषध सोळा भाग पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा. त्यात पाण्यात विरघळणारं तेवढंच उतरतं. तो आटवत आटवत घट्ट केला की घन होतो आणि त्याची घनवटी वळतात.

कारखान्यातला अर्क याच्या पुढे जातो. पाण्याबरोबर अल्कोहोल किंवा इतर द्रावक वापरून एखादं ठरावीक रसायन ओढून काढलं जातं आणि बाकी टाकून दिलं जातं. बाटलीवर ‘१०:१’ लिहिलेलं असतं, म्हणजे दहा किलो वनस्पतीपासून एक किलो अर्क. कधी ‘६० टक्के अमुक आम्ल’ असंही लिहिलेलं असतं. अशी एक कॅप्सूल घेतली की आजीने वर्षानुवर्षं चिमटीने दिलेल्या वस्तूच्या कितीतरी पट मात्रा एका घोटात जाते. ‘आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात, काही होत नाही’ हा अनुभव खरा आहे. पण तो चूर्णाचा आणि काढ्याचा अनुभव आहे. त्यावरून कॅप्सूल सुरक्षित ठरवता येत नाही.

कोकमाने चरबी वितळते म्हणतात. आम्ही कोकणातले, रोजच आमसूल खातो. मग?

रोज खाऊनही कोकणात पोटं सुटलेली आहेत, हे तुम्हीच पाहता.

या दाव्याचं मूळ मात्र खरं आहे आणि रंजकही. कोकमाच्या आणि त्याच्याच गोत्रातल्या दक्षिणेकडच्या एका फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं. केरळात ते फळ धुरावर वाळवून माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. हे आम्ल नेमकं कोणतं, ते म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली दाखवलं. पुढे कळलं, की जादा पिष्टमय अन्नाची चरबी होताना जे विकर (एन्झाइम) लागतं, त्याचं काम हे आम्ल अडवतं. उंदरांना दिलं तर ते कमी खाऊ लागले आणि त्यांची वाढती चरबी रोखली गेली. एवढ्यावर बाजार उभा राहिला. ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ नावाने मिळणारी कॅप्सूल ती हीच.

मग माणसांवर नीट चाचणी झाली. न्यूयॉर्कमधल्या त्या चाचणीत १३५ जण होते. रोज १,५०० मिलिग्रॅम आम्ल, १२ आठवडे, आणि सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार. १९९८ साली निकाल आला. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोने. म्हणजे उतरवलं ते आहाराने. उंदरात दिसलेलं माणसात का दिसत नाही, याचं एक कारण असं, की आपल्या अंगावर चढणारी बहुतेक चरबी तेला-तुपातूनच येते. पिष्टाची चरबी बनवण्याचा मार्ग माणसात फार थोडा वापरला जातो. तो अडवून फारसं हाती लागत नाही.

आमसुलाचं सार, सोलकढी खुशाल घ्या. साखरेने घट्ट केलेलं कोकम सरबत मात्र वजनासाठी म्हणून पिऊ नका. कॅप्सूलचं वेगळं : गार्सिनियाच्या अर्काने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमसुलाबद्दल तसं काही नाही.

गुगुळ तर मेदावर सांगितलाच आहे ना?

हो, सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून ससे घेऊन गुगुळावर काम केलं. ग्रंथातला विचार प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचं ते देखणं उदाहरण आहे. त्यातून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुगुलिपिड तयार केलं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते कोलेस्टेरॉलसाठी बाजारात आलं.

भारतातल्या सुरुवातीच्या चाचण्या उत्साह वाढवणाऱ्या होत्या. अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची काटेकोर चाचणी झाली, तिचा निकाल २००३ साली आला आणि तो उलटा निघाला. वाईट कोलेस्टेरॉल ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. वजन उतरण्याचा पुरावा तर त्याहून दुबळा आहे.

आणखी दोन गोष्टी. रक्तदाबाच्या प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचं रक्तातलं प्रमाण गुगुळाने घटतं. आणि दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. कच्छ-राजस्थानातलं हे झुडूप चीक काढण्यासाठी वेडेवाकडे घाव घालून इतकं मारलं गेलंय, की आंतरराष्ट्रीय यादीत ते अतिसंकटग्रस्त ठरलं आहे. ज्याचा वजनाला उपयोग सिद्ध नाही, त्यासाठी ते आणखी ओरबाडू नये.

सासूबाई रोज रात्री त्रिफळा आणि सकाळी भिजवलेली मेथी घ्यायला सांगतात. घेऊ?

घ्या, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. या उत्तरात मला सर्वांत कमी काळजी वाटते.

भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा आणि इसबगोलाचा लगदा एकाच जातीचे. पाणी शोषून फुगणारे तंतू पोटात रेंगाळतात, साखर हळू शोषली जाते, भूक जरा उशिरा लागते. नुसतं मेथीचं पाणी पिऊन दाणे फेकून दिले तर त्यातलं बरंचसं फुकट जातं. दाणे चावून खा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि हे तंतू यांत चार तासांचं अंतर ठेवा.

त्रिफळ्यावर इराणमध्ये २०१२ साली ६२ लठ्ठ व्यक्तींवर चाचणी झाली. ५ ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वजन आणि कंबर, दोन्ही चांगली उतरली. पण एवढ्या थोड्या माणसांवर झालेला अभ्यास पक्का निकाल म्हणून धरता येत नाही, आणि १० ग्रॅम ही मात्रा आपल्या घरच्या चमच्याहून मोठी आहे. पोट बिघडलं तर कमी करा.

ग्रीन टी आणि तिचा अर्क?

चहा म्हणून, बिनसाखरेची, हवी तेवढी आवडीने प्या. वजनाबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने जपानबाहेरच्या सहा अभ्यासांतून काढलेला सरासरी फरक ०.०४ किलो होता, म्हणजे ४० ग्रॅम.

अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट निराळी. त्यातल्या ईजीसीजी या घटकाची मात्रा रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झाली की यकृताची विकरं वाढू लागतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली स्पष्ट म्हटलं. उपाशीपोटी घेतल्यास धोका वाढतो.

दारुहळदीतलं बर्बेरिन म्हणजे ‘निसर्गातलं ओझेम्पिक’, हे खरं का?

नाही. २०२३ पासून समाजमाध्यमांवर हे नाव फिरतंय. बर्बेरिनने साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. वजनात फरक सरासरी दोन किलोंच्या आसपास. ओझेम्पिक या मधुमेहाच्या इंजेक्शनमध्ये जे सेमाग्लुटाइड हे औषध असतं, त्याच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं, पोकळ इंजेक्शनवर २.४ टक्के. दोघांना एका नावाने हाक मारणं ही फसवणूक आहे. पीसीओएस या बीजकोशांच्या आणि हार्मोन्सच्या तक्रारीसाठी अनेक मुली बर्बेरिन स्वतःच सुरू करतात. त्यांनी लक्षात ठेवावं, की दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ते चालत नाही. नवजात बाळाची कावीळ त्याने धोकादायक होऊ शकते.

झाडातून खरं औषध येतंच नाही, असं मात्र समजू नका. मधुमेहाचं मेटफॉर्मिन युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या रसायनाच्या धाग्यावरून आलं. मधे कित्येक दशकांचं शुद्धीकरण, बदल आणि चाचण्या होत्या.

माकडशिंग, बेडकीचा पाला, कोलियस?

माकडशिंग माळरानावर उगवतं, दुष्काळात भूक मारायला खाल्लं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेने २००७ साली ५० जणांवर ६० दिवस त्याचा अर्क वापरून पाहिला. भूक आणि कंबर कमी झाली, वजनात मात्र ठळक फरक नव्हता. बेडकीचा पाला, म्हणजेच गुडमार, चघळला की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड लागत नाही. गोडाची ओढ आवरायला ही युक्ती खरोखर कामाची आहे. कोलियसची मुळं गुजरातेत गरमर म्हणून लोणच्यात घालतात. तिच्या अर्काने वजन उतरल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

पण चरकसंहितेत स्थौल्यावर औषधं दिली आहेत. ती चुकीची का?

चरकाचा तो अध्याय पूर्ण वाचा, माझी कळकळीची विनंती आहे. सूत्रस्थानातला एकविसावा, अष्टौनिंदितीय. त्यात अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत : आयुष्य घटणं, हालचाल मंदावणं, दुबळेपणा, घामाचा त्रास, अति भूक, अति तहान वगैरे. स्थूल आणि कृश यांत स्थूलाला बरं करणं अधिक अवघड, असंही तिथेच म्हटलं आहे. औषधांत गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, ताकाचं अरिष्ट, मध, वावडिंग, सुंठ, जव आणि आवळ्याचं चूर्ण येतात.

पण त्या यादीच्या अलीकडे-पलीकडे काय आहे? अन्न असं हवं की पोट भरेल पण पोषण कमी मिळेल. व्यायाम, जागरण, चिंतन हळूहळू वाढवत न्यायचं. ‘क्रमेण’ हा शब्दच तिथे आहे. औषध हा त्या दिनचर्येचा एक भाग होता. दिनचर्या गाळून फक्त यादी कॅप्सूलमध्ये भरली, तर ते आयुर्वेदाचं पालन होत नाही. सगळंच जसंच्या तसं घ्यावं असंही नाही. कमी झोपेने वजन वाढतं असं आजचे अभ्यास सांगतात, त्यामुळे जागरणाचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

वनस्पती नैसर्गिक. मग तिने अपाय कसा होईल?

१९९० च्या सुमाराला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत होते. त्यात एका वनस्पतीच्या जागी चुकून तिच्याशी नावाचं साम्य असलेली ॲरिस्टोलोकिया आली. शंभरहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली. कित्येकींना डायलिसिस आणि प्रत्यारोपण लागलं. पुढच्या वर्षांत अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या सगळ्या धडधाकट होत्या, त्यांना फक्त थोडं बारीक व्हायचं होतं. हे प्रकरण मी प्रत्येक व्याख्यानात सांगते.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. वजन आणि साखरेसाठी दुधीचा रस पिण्याची लाट आली तेव्हा कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन काही मृत्यू झाले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. रस कडू लागला की थुंकून टाका. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा लपवू नका.

गुळवेलीबद्दल मतभेद आहे. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताची इजा नोंदवली. वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. माझं मत असं, की यकृताचा किंवा ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटण्याचा) आजार असलेल्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. शिवाय इफेड्रा ही वनस्पती घातलेल्या गोळ्यांवर हृदयविकार आणि पक्षाघातामुळे अमेरिकेने २००४ साली बंदी घातली, तीही ‘नैसर्गिक’च होती.

पंधरा दिवसांत आठ किलो कमी करणारं ‘हर्बल’ चूर्ण ओळखीच्यांना लागू पडलं. कसं?

भेसळीची शंका घ्या. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ साली बंद झालं, पण जगभर ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या पुड्यांत ते सापडत राहिलं आहे. छाती धडधडणं, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं ही खूण. दुसरी युक्ती सोनामुखीची : जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, काट्यावर आकडा उतरतो. चरबी जागेवरच असते आणि पोटॅशियम मात्र घटतं.

कायदाही माहीत असू द्या. १९५४ च्या औषध आणि जादुई उपचार कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणा आहे. म्हणजे ‘लठ्ठपणा हमखास बरा’ ही जाहिरातच बेकायदा.

बाटलीवर काय वाचायचं?

आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याचा उत्पादन परवाना क्रमांक हवा. अन्नपूरक असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषध म्हणून गुण तपासल्याचा दाखला नव्हे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, चूर्ण की अर्क, एका गोळीत किती मिलिग्रॅम हे लिहिलेलं नसेल, किंवा दहा-पंधरा वनस्पतींचं ‘खास मिश्रण’ एवढंच असेल, तर घेऊ नका.

कोणी मुळीच घेऊ नयेत?

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायका, मुलं, यकृत किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गुडमार, बर्बेरिन, मेथीचे अर्क यांच्या जोडीने साखर फार खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधं किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही अर्क घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करून भूलतज्ज्ञांना सांगा.

डॉक्टरांना सांगितलं की ते रागावतात. न सांगता घेतलं तर?

सांगा. रागावले तरी सांगा. कावीळ होऊन आलेला माणूस कॅप्सूलबद्दल गप्प राहिला तर कारण शोधण्यात मोलाचे दिवस जातात.

आणि दुसरी बाजूही आहे. जाड माणसाला दवाखान्यातही टोमणे ऐकावे लागतात, ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणून परत पाठवलं जातं. मग तो गुपचूप बाटली मागवतो. हे थांबायला हवं. लठ्ठपणात आनुवंशिकता, हार्मोन्स, झोप, काही औषधं, कामाचे तास या सगळ्यांचा वाटा असतो. त्यावर आहारतज्ज्ञ, तपासलेली औषधं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया असे उपचार आहेत आणि ते मागण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एक डॉक्टर ऐकून घेत नसतील तर दुसरे गाठा.

हे सगळं वाचूनही एखादा अर्क घेऊन पाहायचा आहे. कसा घेऊ?

एका वेळी एकच घ्या, म्हणजे गुण आला किंवा त्रास झाला तर कशाने ते कळेल. सुरू करण्याआधी वजन, कंबर, साखर आणि यकृताची तपासणी करून कागदावर लिहून ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करा. पाकिटावरच्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका, उपाशीपोटी घेऊ नका. बारा आठवड्यांत काट्यावर आणि कंबरेत काही दिसलं नाही तर बंद करा आणि त्या पैशांत डाळी, भाज्या, ताक आणा.

लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, उजव्या कुशीत दुखणं, अन्नावरची वासना उडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी थांबवा आणि बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. त्रास औषधानेच झाला अशी शंका आली तर भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. आयुर्वेदिक औषधांच्या तक्रारींसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी औषधदक्षता केंद्रंही आहेत, आणि अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत ती चालतात.